मोटर न्यूरॉन डिसीज : केबल तुटते तेव्हा

(मंडळाच्या मकरसंक्रांत स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला बोलायला सांगितले तेव्हा त्यांना वाटले असेल की मी सिग्नलबद्दल किंवा वंदे भारतबद्दल काही सांगेन. मी आजाराचे नाव सांगितल्यावर ते म्हणाले, "अहो, संक्रांतीला गोड बोलायचे असते." त्यांचे म्हणणे बरोबर आहे. या विषयात गोड बोलण्यासारखे फार थोडे आहे. पण वीस वर्षांपूर्वी मुळीच नव्हते, आज थोडे आहे, आणि ते आपल्या लोकांपर्यंत पोहोचत नाही म्हणून मी उभा आहे.

मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलो, आज सीनियर सेक्शन इंजिनियर आहे. या आजाराशी माझी ओळख आमच्या सेक्शनमधल्या एका टेक्निशियनमुळे झाली. वयाने माझ्याहून मोठे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. घरच्यांच्या परवानगीने सांगतो आहे, नाव घेणार नाही. एके दिवशी लोकेशन बॉक्सचे कुलूप लावताना त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा दाबेना. दुखत नव्हते, मुंग्या नव्हत्या, फक्त जोर नव्हता. कुणीतरी मानेत गॅप आहे असे सांगितले. पट्टा झाला, ट्रॅक्शन झाले, आठ-नऊ महिने गेले. तोवर अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडला होता आणि दंडाचे मांस पाण्याच्या तरंगासारखे आपोआप फडफडत होते. शेवटी नागपूरला न्यूरॉलॉजिस्टने आजाराचे नाव सांगितले : मोटर न्यूरॉन डिसीज, त्यातला एएलएस हा प्रकार.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो आणि डॉक्टरांना विचारत आलो.

आता आजार म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगतो. स्टेशनवर पॅनेलचे बटण दाबले की हुकूम रिले रूममधून केबलने लोकेशन बॉक्सपर्यंत जातो, तिथून दुसऱ्या केबलने पॉइंट मशीनपर्यंत, मग मोटर फिरते आणि रूळ सरकतो. शरीरातही असेच दोन टप्पे आहेत. मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत एक चेतापेशी, आणि मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंत दुसरी. या दोन्हींना प्रेरक चेतापेशी, म्हणजेच मोटर न्यूरॉन म्हणतात. पहिल्या टप्प्यात बिघाड झाला तर हातपाय ताठरतात. दुसऱ्या टप्प्यात झाला तर स्नायू फडफडतो, वाळतो, लुळा पडतो. एएलएसमध्ये दोन्ही टप्पे एकत्र जायला लागतात. पॉइंटची मोटर ठीक असते, पण तिच्यापर्यंत करंटच येत नाही. फरक इतकाच की आमची मोटर दहा वर्षे बंद राहिली तरी जागेवर असते, स्नायू मात्र हुकूम मिळाला नाही की झिजून जातो.

स्पर्श कळतो, डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत राहते, बहुतेकांची बुद्धी शाबूत असते. काहींच्या वागण्या-विचारात मात्र फरक पडतो. माणूस सगळे समजत असताना हळूहळू बंद होत जातो. गिळणे जाते, बोलणे जाते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण तीन ते पाच वर्षे, असा सर्वसाधारण हिशेब आहे. दहांतला एखादा दहा वर्षांपलीकडे जातो.

आपल्या पिढीने पोलिओ पाहिला आहे. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या याच, दुसऱ्या टप्प्याच्या पेशी मारतो. तिथे कारण एक होते, विषाणू सापडला, लस आली, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. एएलएसचे वर्णन पॅरिसच्या शार्को यांनी १८६९ साली केले. दीडशे वर्षे होऊन गेली तरी त्याला लस नाही, कारण याचे कारण एक नाही. दहांपैकी नऊ रुग्णांच्या घराण्यात हा आजार कुणालाच नसतो. बहुतेक सगळ्यांच्या पेशींत टीडीपी-४३ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या दिसतात, हे २००६ मध्ये कळले. पण त्या का होतात आणि कशा थांबवायच्या यावर अजून काम चालू आहे.

इथे एक गोष्ट थांबून सांगतो, कारण तिने एखाद्याचे आयुष्य वाचू शकते. हात वाळला म्हणजे एएलएसच, असे नाही. आपल्या देशात तर नाहीच. १९७० मध्ये मद्रासच्या डॉक्टरांनी तरुण मुलांत दिसणारा, बहिरेपणासह येणारा आणि बराच सावकाश वाढणारा प्रकार नोंदवला. त्याला आज जगभर मद्रास मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. १९८४ मध्ये बंगळूरच्या निम्हान्समधून डॉ. गौरीदेवी आणि सहकाऱ्यांनी एकच हात किंवा एकच पाय वाळलेल्या २३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताचा असाच प्रकार जपानमध्ये हिरायामा यांनी १९५९ मध्ये सांगितला होता. पंधरा ते पंचवीस वयाचा मुलगा, एका हाताचा पंजा बारीक होतो, थंडीत बोटे जास्तच अडतात. बऱ्याच मुलांत मान पुढे वाकवताना मज्जारज्जू दाबला जातो, हे याचे कारण असते. काही वर्षांनी हा आजार आपोआप थांबतो, आणि वेळेवर मानेला कॉलर लावला तर लवकर थांबू शकतो. आपल्या घरातल्या आयटीआयच्या किंवा कॉलेजच्या मुलाला असे झाले तर घाबरून घरी बसवू नका. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी नावाचा आणखी एक आजार हुबेहूब एएलएससारखा दिसतो आणि त्याला इंजेक्शनचा चांगला उपयोग होतो. आम्ही केबल मेगर केल्याशिवाय बदलत नाही. इथे मेगरचे काम ईएमजी आणि एनसीव्ही या तपासण्या करतात, सोबत मानेचा एमआरआय. एका तपासणीत हो किंवा नाही असा निकाल लागत नाही, सगळे जुळवून न्यूरॉलॉजिस्टला ठरवावे लागते. म्हणून न दुखता जोर जात असेल, मांस वाळत असेल, तर मानेचा पट्टा घेऊन महिनोन्महिने बसू नये.

भाऊंना औषध सुरू झाले ते रिल्युझोल. अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळालेले हे एएलएसचे पहिले औषध. चाचण्यांमध्ये त्याने आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढले. आपल्याकडे ते आवाक्यातल्या किमतीत मिळते. दुसरे इडारावोन, सलाइनमधून द्यायचे. जपानने २०१५ मध्ये आणि अमेरिकेने २०१७ मध्ये मान्य केले. त्याचा फायदा मुख्यतः सुरुवातीच्या अवस्थेतल्या निवडक रुग्णांत दिसला, पुढच्या अभ्यासांत तो सगळीकडे तसा दिसला नाही.

घरोघरी लोक मला हॉकिंगचे उदाहरण देतात. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी आजार कळला आणि ते २०१८ पर्यंत जगले. आपल्या जयंत नारळीकरांनी सांगितले आहे की १९६१ मध्ये ग्रिनिच वेधशाळेच्या एका शिबिरात त्यांची हॉकिंगशी ओळख झाली. तो तरुण खूप प्रश्न विचारत होता आणि दोघे टेबल टेनिसही खेळले. तो खेळ आणि आजाराचे निदान यांत फक्त दोन वर्षे. जानेवारी २००१ मध्ये हॉकिंग मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेला आले, एकोणसाठावा वाढदिवसही तिथेच झाला. आपल्यापैकी कुणाला पेपरातले ते चाकाच्या खुर्चीतले फोटो आठवत असतील. पण भाऊंच्या पत्नी मला विचारायच्या, "साहेब, तो इंग्रज पन्नास वर्षे जगला ना?" तेव्हा मला सांगावे लागे की तो अपवाद आहे, लहान वयात सुरू झालेला, फार सावकाश चाललेला आजार, शिवाय चोवीस तास नर्स. अपवादावर घराचा खर्च बांधता येत नाही.

त्यापेक्षा एक कमी प्रसिद्ध गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. ज्यांचे घसा-जिभेचे स्नायू फार बिघडलेले नव्हते अशा रुग्णांना रात्री मास्क लावून श्वासाचे मशीन दिले. त्यांचे आयुष्य सरासरी २०५ दिवसांनी वाढले, झोप सुधारली, दिवसाचा थकवा कमी झाला. म्हणजे जवळजवळ सात महिने. औषधाच्या दुपटीहून जास्त. ते मशीन म्हणजे आपण कोविडमध्ये ऐकलेले बायपॅपच. ते नुसते विकत घेऊन चालत नाही, डॉक्टरांनी सेट करून द्यावे लागते, श्वासाची तपासणी दर काही महिन्यांनी करावी लागते. सकाळी उठल्यावर डोके दुखणे, रात्री आडवे पडल्यावर धाप लागणे, ही त्याची खूण. गिळताना ठसका लागू लागला की पोटातून नळी घालण्याचा निर्णयही श्वास चांगला असतानाच घ्यायचा असतो. भाऊंच्या घरी हे सगळे उशिरा झाले, कारण मधले पैसे दुसरीकडे गेले.

ते कुठे गेले तेही सांगतो. एका मोठ्या शहरातल्या खासगी केंद्रात स्टेम सेलची इंजेक्शने देतात असे त्यांच्या मेव्हण्याने ऐकले. दुर्गजवळ एक छोटा प्लॉट होता, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला. तो विकला. इंजेक्शने झाली, सहा महिन्यांत दुसरा हात गेला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक सूत्रे स्वच्छ सांगतात : रक्ताच्या काही आजारांतले प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, तो फक्त मंजूर झालेल्या चाचणीतच करायचा. आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कुणी "प्रयोग आहे" म्हणत असेल आणि सोबत लाखांचे बिलही देत असेल, तर त्या दोनांपैकी एक गोष्ट खोटी आहे. स्टेम सेलवर प्रामाणिक संशोधनही चालू आहे, हेही सांगितले पाहिजे. पण संशोधन वेगळे आणि दुकान वेगळे.

प्रामाणिक संशोधन कसे असते त्याचे एक उदाहरण. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाची बादली ओतून घेण्याचे वेड आले होते, आपल्या मुलांनीही मोबाईलवर पाहिले असेल. त्यातून अमेरिकेतल्या एएलएस संघटनेकडे ११.५ कोटी डॉलर जमले. त्यातले काही पैसे एका नव्या औषधाला गेले. छोट्या चाचणीत ते चांगले दिसले, सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मग मोठी चाचणी झाली आणि मार्च २०२४ मध्ये कळले की उपयोग नाही. पुढच्याच महिन्यात कंपनीने स्वतःहून ते बाजारातून काढले. रुग्णांना किती वाईट वाटले असेल! पण माझ्या दृष्टीने त्या संशोधनाचा हिशेब चोख आहे. चाललेले नाही, तर नाही असे लिहून टाकले.

आता थोडे गोड. ज्या ठिकाणी फॉल्ट नेमका सापडला, तिथे औषध आले. लहान मुलांचा एक मोटर न्यूरॉन आजार आहे, स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, थोडक्यात एसएमए. साधारण दहा हजार जन्मांत एक. त्यात एसएमएन-१ नावाचे जनुक नसते किंवा बिघडलेले असते. सगळ्यात गंभीर प्रकारात बाळ मान धरत नाही, बसत नाही, आणि उपचाराविना बहुतेकदा दोन वर्षांच्या आत जाते किंवा कायम मशीनवर राहते. पण निसर्गाने जवळच एक स्टँडबाय ठेवला आहे, एसएमएन-२. त्याच्यापासून कामाचे प्रथिन थोडेच बनते, कारण नक्कल उतरताना एक तुकडा गाळला जातो. अमेरिकेत ॲड्रियन क्रेनर आणि सहकाऱ्यांनी तो तुकडा गाळला जाऊ नये अशी युक्ती शोधली. त्यातून आलेल्या नुसिनर्सेनला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पाठीच्या कण्यात इंजेक्शन. लक्षणे दिसायच्या आधीच ते सुरू केलेल्या २५ बाळांचा पाठपुरावा झाला आहे. साधारण पाच वर्षांची होईपर्यंत सगळी जिवंत होती, एकही कायम मशीनवर नव्हते आणि २३ मुले स्वतःच्या पायांनी चालत होती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला.

२०१९ मध्ये झोलजेन्स्मा आले. निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर चांगले जनुक बसवून एकदाच सलाइनमधून द्यायचे. किंमत एकवीस लाख डॉलरच्या वर, म्हणजे तेव्हाचे सोळा कोटी रुपये. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका चिमुकलीसाठी लोकांनी वर्गणी जमवली आणि केंद्र सरकारने सुमारे सहा कोटींचा कर माफ केला, ते आपण टीव्हीवर पाहिले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका मुलीलाही जूनमध्ये हे औषध मिळाले. ती ऑगस्टमध्ये गेली. आणि त्याच वर्षी आपल्या छत्तीसगडमध्ये, कोरबा जिल्ह्यातल्या दीपका खाणीत काम करणाऱ्या एका ओव्हरमनच्या दोन वर्षांच्या मुलीसाठी कोल इंडियाने पूर्ण सोळा कोटी मंजूर केले. आपण सगळे सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमांच्या क्वार्टरांत राहणारी माणसे आहोत, म्हणून ही बातमी मी जपून ठेवली आहे. मोठ्या संस्थेने मनात आणले तर काय होते, ते त्यात दिसते. पण प्रत्येक बाळाचा बाप कोल इंडियात नसतो. केंद्राचे दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये आले, त्यात ठरलेल्या उत्कृष्टता केंद्रांत उपचारासाठी पन्नास लाखांपर्यंत मदत होते. मराठी मुलखात असे केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. रोज घ्यायच्या महाग औषधाला पन्नास लाख किती दिवस पुरणार, हा प्रश्न पालकांनी कोर्टापर्यंत नेला.

ते रोजचे औषध म्हणजे रिस्डिप्लाम. नुसिनर्सेनसारखेच काम, पण तोंडाने घ्यायचे, घरच्या घरी. स्विस कंपनीच्या बाटलीची छापील किंमत सहा लाखांच्या घरात. वजन वीस किलोच्या वर असेल तर एक बाटली बारा दिवस पुरते. वर्षाला तीस बाटल्या म्हणजे पावणेदोन-दोन कोटी! हैदराबादच्या नॅटको कंपनीने हेच औषध बनवायची तयारी केली, पेटंटवरून दिल्ली उच्च न्यायालयात खटला चालला, ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते रोखायला नकार दिला, आणि बाटली १५,९०० रुपयांना जाहीर झाली. तोच हिशेब आता वर्षाला पावणेपाच लाख. कमी नाही, पण पगारदार माणूस, त्याचे खाते आणि चार नातेवाईक मिळून एवढ्या रकमेला हात घालू शकतात.

एक नाजूक गोष्ट. एसएमएचा दोष साधारण चाळीस-पन्नास माणसांत एकाकडे लपलेला असतो, त्याला स्वतःला काही होत नाही. दोन्ही आईवडील असे असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक धोका. आपल्याकडे काही घराण्यांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, तिथे ही शक्यता वाढते. मी रीतीवर बोलत नाही. घरात पूर्वी एखादे बाळ असे गेले असेल तर लग्नाआधी किंवा बाळंतपणाआधी रक्ताची तपासणी करून घ्या, एवढेच म्हणतो. ती करण्यात सुनेचा किंवा जावयाचा काही अपमान नाही.

मग मोठ्या माणसांच्या एएलएसचे काय? तिथेही ज्यांचा फॉल्ट नेमका कळला आहे त्यांच्यासाठी सुरुवात झाली. १९९३ मध्ये एसओडी-१ हे जनुक सापडले, ते साधारण शंभरातल्या दोघांत आजाराचे कारण असते. जनुक हे मूळ ड्रॉइंग समजा. वर्कशॉपला त्याची नक्कल जाते. टोफर्सेन हे औषध चुकीच्या ड्रॉइंगची नक्कल वाटेतच नष्ट करते. २०२१ मध्ये त्याच्या चाचणीत सहा महिन्यांत ताकदीचा ठरलेला फरक दिसला नाही, पण मरणाऱ्या पेशींतून रक्तात उतरणारा न्यूरोफिलामेंट नावाचा पदार्थ स्पष्ट कमी झाला, आणि एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला सशर्त मान्यता दिली. आता ज्यांच्यात दोष आहे पण आजार सुरू झालेला नाही अशांना आधीच औषध देऊन पाहत आहेत. त्या २५ बाळांनी दाखवलेला रस्ता हाच. म्हणून घराण्यात दुसरे कुणी असेल तर जनुकाची तपासणी आता निरर्थक राहिलेली नाही. भाऊंना ती कुणी सुचवली नव्हती. तेव्हा सुचवण्यासारखे औषधही नव्हते.

शेवटचे, नोकरीबद्दल, कारण इथे रेल्वेची आणि प्लांटची मंडळी जास्त आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २० : सरकारी आस्थापनेतल्या माणसाला नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे, तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून ठेवायचे. आमच्याकडे डी-कॅटेगराइज झाले की लोक स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून बसतात. कुणी असा अर्ज लिहीत असेल तर आधी युनियनच्या माणसाला किंवा मला दाखवा. भाऊंचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून फाडला होता. नंतर ते स्टोअरच्या टेबलावर होते, बोलणे गेल्यावर रजिस्टरवर बोट ठेवून दाखवत, पगार पूर्ण येत होता. ते गेले तेव्हा नोकरीत होते, त्यामुळे मुलाला अनुकंपेवर जागा मिळाली. तो आता माझ्याच सेक्शनमध्ये आहे.

तिळगूळ वाटायला अजून वेळ आहे. कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा. डॉक्टरांचे असेल ते मी डॉक्टरांवर सोडीन. तपासणीचे कागद आणले असतील तर कार्यक्रमानंतर मी कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसतो.